रविवारचा वाद आणि बुधवारची बैठक

बेळगावच्या आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या एकाच गोष्टीवरून धुसफुस चालू आहे: रविवारची दुसरी उपासना कुठल्या भाषेत घ्यायची. ज्येष्ठांना मराठीच हवी. ज्यांची मुलं कन्नड शाळेत जातात ते कन्नड मागतात. कॉलेजातली पोरं म्हणतात, इंग्रजी करा, गिटार आणि ड्रम आणा, गाणी पडद्यावर दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. १९५६ पासून सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतोच, आणि तो आता चर्चच्या आवारातही चढू लागला आहे. मी इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला नर्स आहे. आईचे फोन आणि मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांमुळे सगळं कानावर येतं. "तू तिकडं ऱ्हातीस, तूच सांग की" असं आता थेट विचारलं गेलंय, म्हणून हे लिहिते.

भाषेपुरतं माझं मत सरळ आहे. कन्नड उपासना सुरू करा, उगाच लांबवू नका. शाळेत कन्नड वाचणाऱ्या मुलाला बायबलमधला शास्त्रपाठही कन्नडमध्ये वाचता यायला हवा. त्यानं मराठी उपासना मरत नाही. ना. वा. टिळकांची पदं आमच्या आज्यांना तोंडपाठ होती, ती वही न उघडता म्हटली जायची, आणि जिथं घरात म्हटली जातात तिथं अजून टिकून आहेत. आपल्या गावाचा वारसाही लहान नाही. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी बेळगावचेच, जन्म १८३१चा, शिक्षण इथल्याच मिशन शाळेत. १८५७मध्ये त्यांनी हिंदू विधवांच्या हालांवर मराठीत कादंबरी लिहिली. त्यांची श्रद्धा उपासनेपुरती थांबली नाही, शेजारच्या घरातल्या बाईच्या दुःखापर्यंत गेली. मला त्या वारशाचा अभिमान वाटतो तो यासाठी.

इंग्रजी उपासनेनं तरुण टिकतील, ही आशा मात्र मला पटत नाही. मी राहते तिथं उपासनेच्या भाषेचा प्रश्न आज नाही. सगळं त्यांच्या मातृभाषेत, ऑर्गन उत्तम, इमारती शेकडो वर्षांच्या. तरी इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११च्या जनगणनेत ५९.३ टक्के होते, ते २०२१मध्ये ४६.२ टक्के झाले. 'कुठलाच धर्म नाही' असं लिहिणारे ३७.२ टक्के. ब्रिस्टलमधल्या सेंट वर्बर्ग्जच्या जुन्या चर्चमध्ये आज लोक दोर बांधून भिंती चढण्याचा सराव करतात, आणि पोर्टलंड स्क्वेअरच्या सेंट पॉल्समध्ये सर्कशीचं शिक्षण मिळतं. इमारती निदान वापरात आहेत याचा राग नाही. पण गिटार आणि पडदा इथंही आणून झाला. काही ठिकाणी गर्दी झाली, बऱ्याच ठिकाणी नाही. तरुण माणूस संगीतासाठी येईलही. घरी कुणी वारलं, नोकरी गेली, दारू सुटेना, अशा वेळी त्याला धरून ठेवायला चार माणसं लागतात.

आणि रविवार तरी हातात कुठं राहिलाय? १९९४च्या कायद्यानं इथली मोठी दुकानं रविवारी सहा तास उघडी असतात. कुणी तिथं कामाला, कुणी खरेदीला, मुलं फुटबॉलला. माझी तर रविवारी अनेकदा दिवसभराची ड्यूटी असते, वॉर्डातल्या पेशंटांना रविवार नसतो. बेळगावातही आता वेगळं काय आहे? कारखान्यातल्या शिफ्टा आहेत, रविवारचे क्लासेस आहेत, मॉल आहेत. आठवड्यातल्या एका सकाळवर सगळी श्रद्धा टांगून ठेवली की ती सकाळ गेली, सगळंच गेलं.

आपण मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाचे. आपली चळवळ ज्या शहरात उभी राहिली तिथंच मी राहते. आपल्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३९मध्ये बांधलेलं 'न्यू रूम' हे जगातलं सगळ्यात जुनं मेथडिस्ट उपासनागृह शहराच्या मध्यवस्तीत, दुकानांच्या गर्दीत उभं आहे. त्या इमारतीवर कर्ज झालं, तेव्हा १७४२मध्ये ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि बाराजणांमागे एकानं घरोघर फिरून ती गोळा करायची. पेनी मागायला गेलेल्या या माणसांना घरातलं घर दिसलं. कुठं भांडण, कुठं दारू, कुठं आजारपण. मग घरोघर फिरण्यापेक्षा बाराजणांनीच दर आठवड्याला एकत्र बसायचं ठरलं. तीच क्लास मीटिंग. कर्ज फेडायच्या हिशोबातून एकमेकांची विचारपूस करायची सवय जन्मली आणि मेथडिझम त्यावर वाढला. आपण नाव तेवढं घेतलं, सवय सोडली.

मी इथं ज्या मंडळीत जाते तिथं अशी एक बैठक अजून भरते, बुधवारी संध्याकाळी, एका निवृत्त बसचालकाच्या स्वयंपाकघरात. केरळची एक नर्स येते, नायजेरियाचा एक विद्यार्थी येतो, दोन-तीन म्हाताऱ्या बायका असतात. चहा होतो, एक शास्त्रपाठ वाचला जातो, मग प्रत्येकाला विचारतात, "आठवडा कसा गेला? देवाजवळ होतास की लांब?" कुणी उपदेश करत नाही. त्यातल्या एका बाईनं एकदा आपल्या आजीचं क्लासचं तिकीट दाखवलं. बोटभर लांबीचा पिवळा पडलेला कागद, त्यावर छापलेलं एक वचन आणि शाईनं लिहिलेलं नाव. ही तिकिटं दर तिमाहीला मिळत, आणि क्लास मीटिंगला न येणाऱ्याला मिळत नसत. आजची मुलं याला जाच म्हणतील. पण आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, हा भरवसा आज किती घरांत आहे?

आपल्याकडे हेच काम दिवेलागणीची कौटुंबिक प्रार्थना करायची. वडील अध्याय काढायचे, आम्ही भावंडं एकेक वचन वाचायचो, मग एक गीत, मग नावं घेऊन प्रार्थना. शेजारच्या आजारी काकूंचं नाव आलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे डबा जायचाच, कारण नाव घेऊन गप्प बसणं आईला जमायचं नाही. आता त्या वेळेला मालिका असते, नाहीतर प्रत्येकाच्या हातात फोन. यावर समितीची बैठक कधी बसली नाही.

घरी जमायची भीती मी समजू शकते. धर्मांतराविरोधी विधेयक डिसेंबर २०२१मध्ये आपल्याच बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेनं मंजूर केलं, २०२२मध्ये कायदा झाला. धर्म बदलणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला तीस दिवस आधी कळवायचं, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत शिक्षा दहा वर्षांपर्यंत. जून २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं, तरी ओळखीच्या घरांतले पडदे प्रार्थनेच्या वेळी अजून ओढलेलेच असतात. इथं मला कुणी हटकत नाही, म्हणून लांबून धीराचे धडे देणं मला शोभणार नाही. एवढंच सुचवते: मंडळीतल्याच चार कुटुंबांनी जमावं, शेजाऱ्यांना आधी सांगावं, दार उघडं ठेवावं आणि चहाला त्यांनाही बोलवावं. लपूनछपून जमलं की संशय वाढतो.

आता पैशाचं. कापणीच्या सणाला आपल्याकडे भोपळा, नारळ, कोंबडी यांचा लिलाव होतो, एकच नारळ तीनदा विकला जातो आणि सगळे हौसेनं बोली लावतात. ती रक्कम रंगकामाला आणि साऊंड सिस्टीमला जाते. त्याच वेळी निपाणीच्या विडी कामगार बायका आणि खानापूरकडच्या शेतमजूर बायका मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांखाली दबल्या आहेत. वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५मध्ये राज्याला त्यासाठी वटहुकूम काढावा लागला. वेस्लींनी १७४६मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी छोट्या कर्जाचा निधी काढला होता, जास्तीत जास्त वीस शिलिंग, तीन महिन्यांत फेड. आपल्यालाही ते जमेल. दर बैठकीला माणशी दहा-वीस रुपये आणि लिलावाच्या पैशातला निम्मा भाग, मंडळीतल्या असोत की बाहेरच्या, अडलेल्या बाईसाठी. प्रार्थनेला येण्याची अट अजिबात नको, नाहीतर मदतीचं आमिष होतं आणि आपल्यावरचा आरोप खरा ठरतो.

ग्रुपवर मी हेच टाकलंय. येत्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात शहापूर, खानापूर आणि निपाणीत एकेक बैठक सुरू करा, मराठी घरात मराठीत, कन्नड घरात कन्नडमध्ये. निधीची वही दोन बायकांकडे द्या, समितीकडे नको. पहिल्या वर्षाची माझी वर्गणी मी आईकडे पाठवली आहे.