लिंबाने टिक फीव्हर उतरत नाही

पाऊस लागला की गोव्यात गोचिडींचा सुळसुळाट होतो, आणि त्यांच्यामागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वैद्यांचा. सध्या फिरणारा मेसेज असा: 'पशुवैद्य तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत! कुत्र्याला रोज अर्ध्या लिंबाचा रस कोमट पाण्यातून द्या. टिक फीव्हर तीन दिवसांत उतरतो, प्लेटलेट्स वाढतात. व्हिटॅमिन सी भरून निघतं. साल अंगाला चोळली की गोचिडी गळून पडतात. दात स्वच्छ होतात, किडनी स्टोन विरघळतो. संत्री, मोसंबी, द्राक्षं, आंबट फळं सगळी चालतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही.' खाली हात जोडलेले. सल्ला म्हणे एका निवृत्त पशुवैद्याचा. त्याला नाव नाही, गाव नाही.

एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा डिचोलीला माझ्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचला, आणि मावशीचा टॉमी तेव्हा तापाने पडून होता. मी गेले तेव्हा मावशी त्याचा जबडा एका हाताने धरून गालाच्या कडेने सिरिंजने लिंबूपाणी सोडत होती. निम्मं बाहेर येत होतं, उरलेलं तो थोड्या वेळाने ओकत होता. पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. हिरड्या पांढुरक्या. 'प्लेटलेट्स वाढतील गो,' मावशी म्हणाली.

तर आधी हाच मुद्दा, कारण यात कुत्रं जातं.

टिक फीव्हर हे एका रोगाचं नाव नाही. गोचीड चावल्याने होणाऱ्या दोन-चार रोगांना आपण सरसकट तसं म्हणतो. त्यातला नेहमीचा एर्लिकिया हा जिवाणू, तो पांढऱ्या पेशींत घर करतो. दुसरा बबेसिया, तो तांबड्या पेशी फोडतो. दोघांची औषधं वेगळी, म्हणून आधी रक्त तपासायचं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. प्लेटलेट्स कमी होतात त्या या जिवाणूमुळे. तो मेला की त्या आपोआप चढतात. लिंबाचा रस पोटात गेला म्हणून रक्तातला जिवाणू मरत नाही, किती साधी गोष्ट आहे ही.

मग 'आमच्या ब्रुनोला लिंबानेच बरं वाटलं' असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. एर्लिकियाचा पहिला जोर दोन ते चार आठवडे टिकतो. त्यानंतर बऱ्याच कुत्र्यांचा ताप उपचाराविनाही उतरतो, ती जेवू लागतात, शेपटी हलवतात. रोग मात्र प्लीहेत दबा धरून बसतो, कधी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. काहींच्या बाबतीत तो पुढे अस्थिमज्जेवर उतरतो, नाकातून रक्त येऊ लागतं, आणि तेव्हा डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची कित्येक तगडी, पोसलेली कुत्री याच रोगाने दगावली. श्रेय लिंबाला मिळतं ते या मधल्या शांत काळाचं.

टॉमीला त्याच दुपारी गाडीत घातलं. रक्तात एर्लिकिया निघाला. आता मावशी त्याला पोदेराच्या पावाच्या तुकड्यात गोळी देते. दुधातून देऊ नको हे तिला दोनदा सांगावं लागलं, कारण दुधातल्या कॅल्शियमने हे औषध नीट अंगी लागत नाही.

व्हिटॅमिन सी. वास्को द गामाचे खलाशी हिंदुस्थानातून परतताना स्कर्व्हीने जर्जर झाले होते, १४९९ साली मालिंदीला पोचल्यावर त्यांच्यासाठी संत्री मागवावी लागली. माणसाचं शरीर हे जीवनसत्त्व बनवत नाही. कुत्र्याचं यकृत ते स्वतः साखरेपासून बनवतं. द गामाच्या जहाजावर कुत्रं असतं तर त्याला स्कर्व्ही झाला नसता. भरून काढायला मुळात कमतरता तर हवी!

सालीच्या बाबतीत अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. लिंबू-संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते किडे मारतं आणि पिसवांच्या औषधांत वापरलंही गेलंय. पण औषधातली मात्रा वेगळी आणि पोहे करून उरलेली साल वेगळी. शिवाय कुत्र्यावर दिसतात त्या गोचिडी थोड्याच. बाकीच्या घरात असतात. मावशीकडे चिऱ्याची जुनी भिंत आहे. तिच्या भोकांत टॉर्च मारला तर आत मिरीएवढ्या गोचिडी ओळीने चिकटलेल्या. एक मादी हजारो अंडी घालते, ती अशाच फटींत. तिथे साल कोण चोळणार? आणि खाजवून सोललेल्या कातडीवर लिंबू चोळलं तर आग होते ती वेगळीच. वर उन्हात बसलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, कारण सालीतली सोरालेन नावाची द्रव्यं उन्हात त्रास देतात. घरात मांजर असेल तर हा प्रयोग मुळीच नको, मांजरांना लिमोनीन फार बाधतं.

दात आणि किडनी स्टोन: आम्ल दाताचं वरचं कवच झिजवतं. खडा आहे की नाही हे एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगते, आणि लघवी तुंबलेलं कुत्रं हे त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं प्रकरण आहे. पुढे.

आता 'संत्र्याच्या एका फोडीने कुत्रं मरतं' हा उलटा मेसेजही फिरतोय, तोही फालतू. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीसंस्थेचं विषबाधा केंद्र आहे. त्यांच्या यादीत संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूट ही झाडं कुत्र्यांसाठी विषारी म्हणून आहेत, आणि तेवढंच वाचून लोक घाबरतात. पुढे तिथेच लिहिलंय की त्रास साल, पानं, देठ यांतल्या तेलांचा. गर थोडा खाल्ला तर फार तर पोट बिघडेल. म्हणजे चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीतून उतरवलेल्या तोरंजनाची, म्हणजे पपनसाची, सोललेली, बी काढलेली एखादी फोड कुत्र्याने पळवली तर आकाश कोसळत नाही. सालीचा ढीग त्याच्या तोंडी लागू देऊ नका. ओकाऱ्या होतात, मोठा तुकडा आतड्यात अडकूही शकतो.

उरली द्राक्षं. 'आंबट फळं सगळी चालतात' या वाक्यात ती संत्र्यांच्या पंगतीला बसवली आहेत, आणि हे लिहिणाऱ्याला कान धरून उभं करायला हवं. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. एकाला काही होत नाही, दुसरा मूठभरात जातो. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचही नको. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले, मावशी. खाल्लेच तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही. तासा-दोन तासांत डॉक्टरकडे पोचलात तर ते ओकवून बाहेर काढता येतात.