आधीसारखं म्हणजे नक्की कधीसारखं?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे. कॉमिक्स हा पोरखेळ वाटत असेल तर इथूनच वळा, राग नाही.

सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमची टोळी जमली होती. सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले, निम्म्यांना शुगर, तरी विषय तोच. स्पायडरमॅनचं 2007ला पुसलेलं लग्न परत आणा, त्यानंतरचं सगळं रद्द करा, कंटिन्युइटी, म्हणजे अंकामागून अंक चालत आलेली सलग गोष्ट, आधीसारखी करा. या वेळी माझी पुतणी सोबत होती. एकोणीस वर्षांची. डोंबिवलीहून खास आली, कारण मीच म्हणालो होतो की ये आमच्यात, मजा असते. तिनं उत्साहानं मोबाइल काढून 2024 साली सुरू झालेली स्पायडरमॅनची नवी कॉमिक-मालिका दाखवली. त्यात पीटर पार्करचं, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनचं, मेरी जेनशी लग्न झालंय, दोन पोरं आहेत, आणि कोळ्याची शक्ती त्याला संसार मांडून झाल्यावर मिळते. तर आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "ते बाजूचं विश्व गं, खरं नाही. तुमच्यासारख्या नव्या वाचकांमुळंच वाट लागलीय." बाकीचे हसले. मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो.

परतीच्या गाडीत पोरगी घाटकोपरपर्यंत गप्प. मग म्हणाली, "काका, तुम्हाला लग्न झालेला पीटर हवाय. मी लग्न झालेलाच पीटर वाचतेय. मग चिडले कशावर?" मुलुंड आलं, मी उतरलो. ती पुढं गेली. उत्तर काही सुचलं नव्हतं.

आता सुचतंय, पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो.

1990 साल. मी बारा वर्षांचा, दादा सतरा. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे. तिथं दादानं घासाघीस करून सात रुपयांना एक जाडसर अंक घेतला. स्पायडरमॅनच्या लग्नाचा, 1987चा वार्षिक. घरी येऊन बघतो तर शेवटची पानंच नाहीत. भेळवाल्याकडं गेली असणार. मी रडायच्या बेतात. रात्री चाळीच्या गॅलरीत सतरंजीवर पडल्या पडल्या दादा म्हणाला, "अरे, मी वाचलाय तो मित्राकडं. ऐक पुढचं." आणि त्यानं सांगितलं. लग्न लागतं. पंगत बसते. खडूस संपादक जेम्सन आहेराच्या पाकिटात एकशे एक रुपये घालतो आणि वर पावती मागतो. मग पीटरला लहानाचा मोठा करणारी आंट मे वाढायला येते, पीटरच्या कानाशी वाकते आणि म्हणते, "बाळा, मला सगळं माहितीय. तो मुखवटा काढून ठेव आणि पोटभर जेव."

सगळी थाप. दादानं तो अंक कधीच वाचला नव्हता. पण माझ्यासाठी पुढची कित्येक वर्षं ते लग्न तसंच झालं होतं.

तर कट्ट्यावरच्या महाजनांनो, कंटिन्युइटी कंटिन्युइटी काय करता? आपल्यापैकी एकानं तरी ती अमेरिकेतल्या पोरांसारखी महिन्याच्या महिन्याला, क्रमानं वाचली होती का? आपली कंटिन्युइटी ठरवली रद्दीवाल्यानं. ज्या घरची रद्दी त्या आठवड्यात निघाली, तो आपला पुढचा अंक. पीटरची आधीची प्रेयसी ग्वेन स्टेसी 1973 साली मेली. मला ती आधी मेलेली कळली आणि दोन वर्षांनी फाउंटनच्या ढिगात जिवंत भेटली. मधले अंक आपण स्वतः रचले, भाऊबहिणींनी रचले, शाळेतल्या थापाड्यांनी रचले. आणि आता टक्कल पडल्यावर एका पोरीला सांगायचं की तुझं खरं नाही?

हां, 2007ला जे झालं ते नीच होतं. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पीटरनं जगासमोर मुखवटा काढला, त्यापायी आंट मेला गोळी लागली, आणि तिला वाचवायला त्यानं स्वतःचं लग्न मेफिस्टो नावाच्या सैतानाला देऊन टाकलं. वीस वर्षांचा संसार पुसून साफ. घटस्फोट नाही, भांडण नाही, झालंच नव्हतं म्हणे! लेखक स्ट्रॅझिन्स्कीला स्वतःलाच तो शेवट इतका खटकला की शेवटच्या अंकांवरून नाव काढायला निघाला होता. मी तेव्हा ऑफिसात बसून अमेरिकेला इमेल लिहिली होती, मोडक्या इंग्रजीत, बॉसच्या डोळ्यांदेखत. उत्तर यायचं नव्हतंच.

पण ते त्यांनी का केलं? स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीचा संपादक केसाडा, त्याला लग्न झालेला पीटर म्हातारा वाटायचा, त्याला तो सडाफटिंगच हवा होता. आधीसारखा! ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याची मागणी आणि आपली मागणी एकच आहे, फक्त साल वेगळं. सगळ्यांना आपण बारा-तेरा वर्षांचे होतो तो महिना परत हवाय.

आणि एकाला त्याचा महिना मिळाला की दुसऱ्याचा जातो, हे कुणी बोलत नाही. विजेच्या वेगानं पळणाऱ्या फ्लॅशचं बघा. बॅरी ॲलन 1985 साली विश्व वाचवताना मेला. काय मरण होतं ते! मग त्याच्या हाताखालचा पोरगा वॉली वेस्ट फ्लॅश झाला. वीसेक वर्षं त्यानं ते नाव चालवलं, लग्न केलं, जुळी झाली. एक आख्खी पिढी त्यालाच फ्लॅश म्हणून ओळखत मोठी झाली. 2008ला जुन्या मंडळींसाठी बॅरीला परत आणलं. 2011ला सगळा पसारा नव्यानं मांडला तेव्हा वॉली दिसेनासाच झाला, बायकापोरांसकट. एकाचं श्राद्ध मोडायला दुसऱ्याचं घर मोडलं.

मान्य, कधी कधी मागं जाणं बरंही ठरतं. वर्तमानपत्रांतल्या रोजच्या पट्टीत जानेवारी 2009ला पीटरला सडा केला, वाचकांनी बोंब मारली, मे महिन्यात लग्न परत. मधलं सगळं स्वप्न होतं म्हणे. सुपरमॅनचा संसारही 2016ला परत आला आणि छान रंगला. मान्य. पुढं.

वेताळाचं मात्र मला कायम नवल वाटतं. इंद्रजाल कॉमिक्समध्ये आपण जो वाचला तोच, इंग्रजीतला फँटम. 1936 पासूनचा गडी. चाळीस वर्षं प्रेयसी डायनाला ताटकळत ठेवलं, 1977ला लग्न केलं, दीडेक वर्षात जुळी पोरं. एवढं होऊनही त्याची जरब गेली का? त्याचा तर मूळ पायाच असा की बाप मेला की पोरगा तोच वेष चढवतो. एकविसावा वेताळ आहे तो! आधीसारखा म्हणजे वीस जणांपैकी कुणासारखा? आणि शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना आठवण करून देतो, आपल्या अंकांत त्याच्या देशाचं नावसुद्धा बदललेलं होतं. बंगल्लाचं डेंकाली. लहानपणी कुणाला पत्ता होता? काही अडलं?

आता राग उतरतोय थोडा. चहा झाला मधे.

तो लग्नाचा अंक 26 जुलै 2005च्या पुरात गेला. तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर होतो, खोका पलंगाखाली. तीन-चार वर्षांनी कॉम्प्युटरवर मला तो पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचायला मिळाला. पंगत नाही, पाकीट नाही. सिटी हॉलच्या पायऱ्यांवर लग्न लागतं, नवरानवरी दोघंही उशिरा पोचतात. बरं आहे. पण आंट मे काही बोलत नाही. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि तेही दादानं नाही, मार्व्हलनं!

गंमत पुढची आहे. 1995 साली, चारशेव्या अंकात, मरताना आंट मे पीटरला सांगते की मला कधीपासूनच माहीत होतं. म्हणजे गॅलरीतल्या थापेनंतर पाच वर्षांनी. तो अंक मी नंतर कधीतरी वाचला आणि अंगावर काटा आला. पुढं 1998ला ठरलं की मेली ती खरी मे नव्हतीच, कुणी नटी होती. झालं, रद्द. मग स्ट्रॅझिन्स्कीनं 2001च्या सुमारास तिला पुन्हा कळू दिलं, दोघं घरात बसून मोकळं बोलतात, फार सुंदर आहे ते. आणि मग सैतानाच्या सौद्यात तेही पुसलं गेलं. आता या म्हातारीला माहीत आहे की नाही? कट्ट्यावर सांगा कुणीतरी छातीठोक.

पुतणीला आत्ता मेसेज केला की सकाळी मी हसायला नको होतं. तिनं अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे अजून रागावलीय. पुढच्या रविवारी कट्ट्यावर तिच्या मालिकेबद्दल तिलाच बोलायला लावणार आहे, आणि मध्ये तोंड घालणाऱ्याला मी बघून घेईन. कट्ट्यावरच्या त्या ज्येष्ठांना टॅग करत नाही, त्यांना कळलंय.

हे टाइप करता करता दादाला फोन लावला. म्हटलं, किंग्ज सर्कलचा तो फाटका अंक आठवतो का? म्हणाला, हो, लग्नाचा, ज्यात म्हातारी जेवायला वाढताना त्याच्या कानात सांगते तो. म्हटलं, दादा, ते तू रचलं होतंस. असं अंकात काही नाही, मी वाचलाय पूर्ण.

"हट्," म्हणाला, "मग तुझी कॉपी चुकीची असणार."