‘कागदी खेळ’ म्हणण्याआधी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या (प्रथिनांच्या एका घटकाच्या) जैवविघटनावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता, “जे प्रत्येक सजीवात आहे ते कुजणारच. त्यासाठी २८ दिवस बाटल्या सांभाळणं हा कागदी खेळ. प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेल्यांनाच त्याचं कौतुक.” शिवाय ऑक्सिजनचा आकडा चुकलाय आणि अमोनियाबद्दल अवाक्षर नाही, ही तक्रार.

आकड्याचं आधी. १ मिलिग्रॅम ग्लायसिन पूर्ण कुजायला ०.६४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, असं मी लिहिलं. त्यातला नायट्रोजन अमोनियाच राहतो असं धरून हा आकडा येतो, हे सांगायचं राहिलं. अमोनियाचं नायट्रेट झालं तर १.४९ लागतो. चूक मान्य, दुरुस्ती केली.

पण ‘प्रयोगशाळेचं तोंड’? ही कुठली बोलायची पद्धत? सहा वर्षं मी याच बाटल्या लावल्या आहेत. मैलाशुद्धीकरण केंद्रातून गाळ आणायचा, धुवायचा, हवा देत ठेवायचा. बाटलीच्या गळ्यातल्या वाटीत कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या. गाळातल्या जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या शोषून घेतात, आतला दाब उतरतो, त्यावरून किती ऑक्सिजन खर्ची पडला ते कळतं. एकदा नायट्रीकरण (अमोनियाचं नायट्रेट होणं) रोखणारं अलाइलथायोयुरिया घालायला मी विसरले. तिसऱ्या आठवड्यात विघटन १०० टक्क्यांच्या वर! गोळ्या ओल्या होऊन वाटीला चिकटलेल्या, आणि मी आकडे पुन्हा पुन्हा तपासतेय. सगळ्या बाटल्या ओतून दिल्या आणि परत पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. हे कागदावर होत नाही हो.

आणि ‘कुजणारच’ यावर वाद कोण घालतंय? किती दिवसांत, हे मोजायचं असतं. ओईसीडी ३०१ या आंतरराष्ट्रीय चाचणी-पद्धतीप्रमाणे ऑक्सिजनच्या मोजणीत, पूर्ण विघटनाला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या ६० टक्के गाठावे लागतात, तेही १० टक्के ओलांडल्यापासून १० दिवसांच्या आत. तेव्हा कुठे पदार्थ ‘सहज विघटनशील’ ठरतो. लाकडातलं लिग्निनही नैसर्गिकच आहे, ते कुजायला किती काळ घेतं? दुसरं अमिनो आम्ल घ्या: कारखान्यात बनणारं मिथिओनिन बहुतेकदा डीएल मिश्रण असतं, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी डी आणि एल ही दोन रूपं निम्मी-निम्मी; प्रथिनांत असतं ते एल रूप. म्हणजे तुमचं ‘प्रत्येक सजीवात आहे’ त्यातल्या निम्म्यालाच लागू पडतं.

अमोनियाच्या वादात मी शिरत नाही, लेख विघटनाचा होता.

बाटल्यांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून सांगेन. माझ्या सहा वर्षांबद्दल मात्र माहिती नसताना बोलू नका.