‘आतून दोन्ही सारख्याच’ हे माझं वाक्य चुकलं : एका ग्राहकाच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण वाचून राग आला होता आणि रागात लिहिलेलं पुढं निस्तरत बसावं लागतं. शिवाय एक गोष्ट आधी स्वतः करून बघायची होती. ती काल केली.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांनी जूनमध्ये कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या गाड्यांच्या यार्डातून २०१८ ची डिझेल रेंज रोव्हर स्पोर्ट घेतली. ते आले होते मोठी रेंज रोव्हर बघायला. त्यांची तक्रार अशी : आमच्याकडं पडून असलेली गाडी मी त्यांच्या गळ्यात मारली. ‘आतून दोन्ही सारख्याच’ असं सांगितलं, ते खोटं निघालं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले त्यांचे आबा मागं बसले की त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात, आणि कोकणातून येताना करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचेपर्यंत धक्क्यांनी आबांना इतका त्रास झाला की गाडी थांबवून त्यांना अर्धा तास बाहेर बसवावं लागलं. शेवटी, ‘८५ सेंटीमीटर पाण्यातून जाते’ ही थाप होती. एक स्टार.

सगळ्यात आधी आबांबद्दल. त्यांना झालेल्या त्रासाची मनापासून माफी मागतो. ‘आतून दोन्ही सारख्याच’ हे वाक्य माझंच आहे, आणि ते चुकीचं होतं.

मी ते का बोललो तेही सांगतो. त्या पिढीच्या दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, जवळजवळ एकच आहे, २.९२ मीटर. दोन्हींची बॉडी ॲल्युमिनियमची, आणि आपल्याकडं आलेल्या बहुतेक गाड्यांत तीन लिटरचं तेच डिझेल इंजिन. डॅशबोर्डसुद्धा भाऊ-भाऊ वाटावेत असे. इतकी वर्षं या गाड्या हाताखालून गेल्यामुळं ते वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. पण दोन चाकांमधलं अंतर सारखं असलं म्हणून मागं बसणाऱ्याच्या वाट्याला जागा सारखी येत नाही. मोठी गाडी जवळजवळ ५ मीटर लांब, स्पोर्ट साधारण ४.८५ मीटर. मोठीचं छप्पर पाचेक सेंटीमीटर उंच आणि मागपर्यंत सरळ जातं. स्पोर्टचं मागं उतरतं. मागच्या सीटवर पायांसाठीची जागा तर कंपनीच्या आकड्यांतही स्पोर्टला दोन इंच कमी आहे.

आकडे मला आधीही माहीत होते. दोन इंच म्हणजे काय ते काल कळलं. यार्डात २०१७ ची मोठी रेंज रोव्हर आली आहे. एका मित्राची स्पोर्ट मागवून घेतली आणि दोन्ही शेजारी लावल्या. माझ्या आईचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ड्रायव्हरची सीट मला लागते तेवढी मागं घेतली आणि आईला मागं बसायला सांगितलं. मोठ्या गाडीत ती आधी सीटवर टेकली, मग एकेक पाय आत घेतला आणि सरळ बसली. गुडघा आणि पुढची सीट यांच्यात माझी वीत गेली. स्पोर्टमध्ये चढताना तिनं मान खाली घातली, दाराच्या वरची कड एका हातानं धरली आणि ऑपरेशन झालेला पाय हातानं उचलून आत घेतला. बसल्यावर मोजलं तर चार बोटं जागा राहिली. ती काही बोलली नाही, पण उतरताना म्हणाली, “पाय लांब कुठं करायचा रे?” आबांना गगनबावड्यापर्यंत काय वाटलं असेल ते त्या क्षणी समजलं.

आता ‘गळ्यात मारली’ याबद्दल. ती स्पोर्ट आमच्याकडं तीन महिने उभी होती, हे खरं आहे. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. पण खपवायची म्हणून दिली, हे मला मान्य नाही. कावळा नाक्यापासून कागलपर्यंत तुम्ही स्वतः चालवून आला होता. परत येऊन चावी माझ्या हातात देताना तुमचा चेहरा मी बघितला होता. गाडी तुम्हाला आवडली होती, आणि ज्याला स्वतः स्टीअरिंगवर बसायचं आहे त्याला स्पोर्टच द्यावी असं माझं आजही मत आहे. बसायची जागा थोडी खाली, वळणावर अंग कमी टाकते, स्टीअरिंग हाताला लवकर उत्तर देतं. घाटात चालवणारा खूश असतो. पण त्या दिवशी आबा पुढं बसले होते. मागं कुणीच बसलं नव्हतं. चालवणार कोण, महिन्याला किती फिरणं, ड्रायव्हर ठेवणार का, इतकं सगळं मी विचारलं. मागं कोण बसणार, एवढंच विचारलं नाही. साहेब, माझी खरी चूक ही आहे.

दुसरी एक चूक तुम्ही लिहिलेली नाही, मीच सांगतो. तुमचं घर पेठेत. मी म्हणालो होतो, “मोठी तुमच्या बोळात शिरणार नाही, स्पोर्ट जाईल.” काल दोन्ही गाड्यांना आरसे मिटवून टेप लावला. रुंदी सारखीच, दोन मीटरच्या थोडी वर. म्हणजे मोठी जिथं अडकेल तिथं स्पोर्टही अडकणार. फरक फक्त लांबीचा, वीतभराहूनही कमी, आणि तो गाडी दारात लावताना जाणवतो, बोळात शिरताना नाही. ‘स्पोर्ट म्हणजे लहान गाडी’ असा समज घेऊन आमच्याकडं बरेच लोक येतात, आणि तो समज मी आजवर खोडून काढला नाही. यापुढं काढेन.

तुम्ही त्या दिवशी एक गोष्ट सहज बोलून गेला होता, तीही मला आता आठवते. हंगामात गुऱ्हाळावर मुक्काम असतो, तिथं गाडीत बसून जेवता आलं पाहिजे, असं म्हणाला होता. मोठ्या रेंज रोव्हरचं मागचं दार दोन भागांत उघडतं, वरचं वर आणि खालचं खाली. खालच्या फळीवर दोन माणसं आरामात बसतात. १९७० च्या पहिल्या गाडीपासून ते तसंच आहे. स्पोर्टला एकच अखंड दार, ते वर जातं. हे सुद्धा मी सांगायला पाहिजे होतं.

पाण्याबद्दल मात्र मी माझ्या शब्दावर ठाम आहे. त्या पिढीच्या स्पोर्टची मर्यादा ८५ सेंटीमीटर, मोठीची ९०, हे कंपनीचे आकडे आहेत. पण ते संथ पाण्याचे, तळ माहीत असलेल्या जागेचे आणि सावकाश चालवायचे आहेत. तुम्ही लिहिलंय की जुलैत गावाच्या पुलावर पाणी आलं तेव्हा गाडी घालायचा धीर झाला नाही. फार बरं केलंत. रस्त्यावरून पाणी आडवं वाहत असेल तर दोन टनांची गाडीसुद्धा बाजूला सरकते, आणि खालचा भराव वाहून गेला असेल तर ते वरून दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की आम्ही यार्डातल्या गाड्या उंचावर हलवतो, त्यात रेंज रोव्हरही असतात. कुठल्याच गाडीच्या भरवशावर पुराच्या पाण्यात जा, असं मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणार नाही.

घाटातल्या धक्क्यांचं कारण बऱ्याच अंशी चाकांत आहे. तुमच्या गाडीला आधीच्या मालकानं २२ इंची चाकं लावली होती, टायर २७५/४०. म्हणजे रबराची उंची ११ सेंटीमीटर. त्याच गाडीला २० इंची चाकं आणि २५५/५५ टायर बसतात, त्यात रबर १४ सेंटीमीटर. हे तीन सेंटीमीटर खड्ड्यात फार काम करतात. दिसायला २२ भारी दिसतात म्हणून मी ती बदलली नाहीत.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी आमच्या पोरानं तुम्हाला एक बटण दाखवलं नाही, हे तुमच्या रिव्ह्यूतल्या “आबांना स्टूल लागतं” या वाक्यावरून कळलं. गिअरजवळ सस्पेन्शनचं बटण आहे. उतरायच्या आधी ते खालच्या बाजूला दाबलं की गाडी ५ सेंटीमीटर खाली बसते. आजपासूनच वापरा.

आता माझ्याकडून काय, ते लिहून देतो. जूनमध्ये तुम्ही जी रक्कम दिली त्याच रकमेला मी स्पोर्ट परत घेतो. चार महिन्यांचं वापरलेपण कापणार नाही. २०१७ ची मोठी हवी असेल तर फक्त वरचा फरक द्या, दोन्ही ट्रान्सफरचा आरटीओ खर्च माझा. ती गाडी तुमच्यासाठी या महिन्याच्या शेवटापर्यंत थांबवून ठेवली आहे, कुणाला दाखवत नाही. स्पोर्ट तुमच्या मनात बसली असेल आणि ठेवायचीच असेल, तर २० इंची चाकं आणि चार नवे टायर माझ्या खर्चानं लावून देतो. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही. आबांना जे झालं ते खरंच झालंय, ते तिथं राहू दे.

बदलायचं ठरलं तरी घाईनं ठरवू नका. आबांना घेऊन या. या वेळी त्यांना मागं बसवू, तुम्ही चालवा, मी आबांच्या शेजारी बसतो. हायवेला नको, पन्हाळ्यापर्यंत वर जाऊन येऊ. सोमवारी यार्ड बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी दहानंतर मी इथंच आहे.