एका मार्काची शेपटी

मी बँकेतून निवृत्त झालो आणि नातीच्या इंग्रजीच्या अभ्यासाचे खाते, मला न विचारता, माझ्याकडे वर्ग करण्यात आले. 'आबांना काय, आता वेळच वेळ आहे ना!' असे सूनबाई म्हणाली. त्या वाक्याच्या शेपटाला जो 'ना' होता, त्यात प्रश्न औषधालाही नव्हता. तो एक निकाल होता आणि त्याच्यावर अपील नव्हते. पण त्या एवढ्याशा 'ना'ची खरी किंमत मला कळली ती नात नववीत गेल्यावर, एका संध्याकाळी, तिच्या सरावाच्या वहीतल्या एका मार्काच्या प्रश्नापाशी.

'अ‍ॅड अ क्वेश्चन टॅग' म्हणजे वाक्याच्या शेवटी 'ना'सारखी छोट्या प्रश्नाची शेपटी जोडा, असा तो प्रश्न होता. वाक्य दिले होते, 'आय अ‍ॅम युवर फ्रेंड', पुढे एक स्वल्पविराम, मग रिकामी रेघ आणि रेघेच्या टोकाला प्रश्नचिन्ह. अडतीस वर्षे मुख्य कार्यालयाशी इंग्रजीतून पत्रव्यवहार केलेल्या माणसाने कसलाही विचार न करता 'इझन्ट इट' असे सांगून टाकले. नातीने माझ्याकडे एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांसारखे पाहिले आणि ती शांतपणे म्हणाली, 'आबा, आरन्ट आय.' मी खवळलो. 'आय'ला 'अ‍ॅम' आणि 'यू'ला 'आर' ही घोकंपट्टी करण्यात माझे पाचवीचे अर्धे वर्ष गेले होते, आणि आता हे पोर सांगत होते की ऐन वेळी 'अ‍ॅम' पळ काढतो आणि त्याच्या जागी 'आर' येऊन बसतो. 'पुस्तकात तसंच आहे,' एवढे बोलून तिने वाद संपवला. पुस्तकात खरोखरच तसेच होते. 'अ‍ॅमन्ट आय' असे सरळमार्गी रूप स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ऐकू येते. परंतु पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीला ते चालत नाही, म्हणून शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा तिथे 'यू'च्या घरचा 'आर' उसना आणला जातो.

माझ्या तर्कटाचे मूळ शोधायचे तर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जावे लागेल. मी १९७२ मध्ये पाचवीत गेलो. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. ते पहिलीपासून आले २००० मध्ये. बहात्तर हे दुष्काळाचे साल असल्यामुळे अमेरिकेतून आलेला मिलो नावाचा लाल जोंधळा आणि विलायतेतून आलेली एबीसीडी आम्हाला एकाच वर्षी पचवावी लागली. मिलो कसाबसा पचला. इंग्रजीचे क्वेश्चन टॅग मात्र हायस्कुलात वाढून आले, आणि ते वाढणारे सर शेतकरी घरातले असल्यामुळे त्यांनी सगळे प्रकरण गोठ्यात नेऊन समजावले.

सरांचे म्हणणे असे की वाक्य हा बैल आणि टॅग ही त्याची शेपटी. बैलाचे तोंड पूर्वेला असेल, तर शेपटी पश्चिमेलाच असणार. म्हणजे वाक्य होकारी असेल तर शेपटी नकारी आणि वाक्य नकारी असेल तर शेपटी होकारी. दुसरे असे की खिलाऱ्याला म्हशीची शेपटी लावायची नाही. वाक्यात 'इज' असेल तर शेपटीतही 'इज'च आणि 'कॅन' असेल तर 'कॅन'च. तिसरे, बैलाचे नाव पुन्हा घ्यायचे नाही. रामा असेल तर 'ही', सीता असेल तर 'शी'. इथपर्यंत आमची कुणाचीच तक्रार नव्हती. पण 'रामा गोज टू स्कूल' या वाक्यात 'इज'ही नाही आणि 'कॅन'ही नाही, मग शेपटी कशाची करायची, असे एका आगाऊ मुलाने विचारले. सर म्हणाले, ''गोज'च्या पोटात एक 'डझ' लपलेला असतो, तो शेपटीवाटे बाहेर येतो.' यानंतर वर्गात जो हशा पिकला, त्यात पुढचे अर्धे व्याकरण वाहून गेले. मी त्याच वाक्याला 'इझन्ट इट' लावले होते. सरांनी माझी वही सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवली आणि म्हणाले, 'पोस्टाचा शिक्का आहे होय रे हा, दिसेल त्या पाकिटावर मारायला?' छडीचे वळ दोन दिवसांत गेले, शिक्का मात्र अडतीस वर्षे माझ्या खिशात राहिला.

तो राहण्याचे कारण माझ्या मते आमच्या मातृभाषेच्या लाडांत आहे. मराठी तशी काही साधीभोळी बाई नव्हे. तिला टेबल नपुंसकलिंगी लागते, खुर्ची स्त्रीलिंगी लागते आणि पंखा पुल्लिंगी. 'मी जातो' की 'मी जाते' हे ठरवताना ती आधी बोलणाऱ्याकडे निरखून पाहते. पण समोरच्याचा दुजोरा मागायची वेळ आली की हीच काटेकोर बाई एकदम उदार होते आणि 'ना' हे एक अक्षर सगळ्यांच्या हातावर ठेवते. तू येतोस ना, ती आली ना, त्यांनी पैसे भरले नाहीत ना, आपण मेलो तरी हप्ते चालूच राहतात ना: काळ कोणता, कर्ता कोण, वाक्य होकारी की नकारी, याची चौकशी नाही. कुणी 'नाही का' म्हणते, कुणी 'की नाही' म्हणते, विदर्भात त्याचा 'नं' होतो. पण जिथे जे चालते तिथे ते सगळ्याच वाक्यांना चालते. अशा घरात वाढलेल्या माणसाला इंग्रजीतही एक 'ना' हवा असतो. तो 'इझन्ट इट'ला 'ना' समजून नांदवत बसतो आणि भारतीय इंग्रजीची खूण म्हणून जगभरच्या अभ्यासकांच्या वहीत त्याची नोंद होते.

नातीबरोबर मी पुन्हा गोठ्यात उतरलो आणि एकेक नवे जनावर पाहून माझे डोळे पांढरे होऊ लागले. 'हार्डली' हा शब्द वरून अगदी सज्जन दिसतो, त्याच्यात 'नॉट' कुठेही नाही. परंतु तो आतून नकारी असल्याने त्याची शेपटी होकारी. 'फ्यू' म्हटले की जवळजवळ कोणीच नाही, म्हणून शेपटी होकारी. आणि त्याच्या आधी नुसता एक 'अ' येऊन बसला की काही जण तरी हजर होतात आणि शेपटी नकारी होते. एका अक्षराने बैल असा जागच्या जागी फिरतो. 'पुट' हे क्रियापद वर्तमानात आणि भूतकाळात सारखेच दिसत असल्यामुळे 'यू पुट सॉल्ट इन इट' या वाक्याला 'डोन्ट यू' लावायचे की 'डिडन्ट यू', हे ठरवण्यासाठी मीठ रोज पडते की आजच पडले, याची चौकशी स्वयंपाकघरात जाऊन करावी लागते. 'लेट्स गो'च्या मागे कुठून तरी 'शॅल वी' येतो. दार लावायला सांगितले तर 'विल यू', आणि उशीर करू नकोस असे बजावले तरीही 'विल यू'च. तिथे बैलाने तोंड फिरवले तरी शेपटी हलत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडला तो 'नोबडी'. 'नोबडी केम', म्हणजे कोणीही आले नाही, याची शेपटी आहे 'डिड दे'. हे 'दे' कोण? जे आलेच नाहीत ते! एकही माणूस नसताना त्यांचे अनेकवचन करणारी ही भाषा पाहून मला आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची आठवण झाली, कारण तिथेही न आलेल्यांचीच संख्या मोठी असते आणि सगळी चर्चा त्यांच्याविषयीच होते.

मग नातीने सांगितले की टॅग उच्चारताना सूर शेवटी वर गेला तर तो खरा प्रश्न असतो, आणि खाली उतरला तर बोलणाऱ्याला उत्तर ठाऊकच असते, त्याला फक्त आपली मान डोलवून हवी असते. हा नियम मात्र मला तत्काळ समजला, कारण आमच्या घरात तो चाळीस वर्षे लागू आहे. 'अहो, गॅस बंद केलात ना?' यातला 'ना' हिने वर नेला तर मी बसल्या जागेवरून 'हो' म्हणू शकतो. 'ना' खाली आला तर याचा अर्थ ही स्वतः ओट्यापाशी उभी आहे, दूध उतू गेलेले आहे आणि मी फडके घेऊन उठणे इष्ट आहे.

या उतरत्या सुराचा परदेशी अवतार मला २०२३ मध्ये भेटला. आमची मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहते. या गावाचे स्पेलिंग 'रीडिंग' असे वाचले तर तिथले लोक हसतात, त्यावरूनच पुढे काय वाढून ठेवले आहे हे मी ओळखायला हवे होते. पहिल्याच सकाळी शेजारच्या वृद्ध बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, 'इट्स रादर कोल्ड, इझन्ट इट?' माझ्या अंगात दोन स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी असल्याने मी प्रामाणिकपणे 'नो' असे उत्तर दिले. बाईंचा चेहरा पडला. मुलीने आत ओढून नेऊन समजावले की, बाबा, त्या थंडीची चौकशी करत नव्हत्या, तो त्यांचा नमस्कार होता. त्यावर 'येस, इझन्ट इट' असे म्हणायचे आणि पुढे जायचे. शेपटीला उत्तर शेपटीनेच द्यायचे असते, हे आमच्या सरांनी गोठ्यात कधी सांगितले नव्हते.

झाले गेले विसरून बाईंनी मला चहाला बोलावले. मला मधुमेह असल्याचे मुलीने त्यांच्या कानावर घातलेले होते. त्यामुळे कप पुढे ओढून, चमचा हातात नुसता धरून, त्यांनी खात्री करून घेण्यासाठी विचारले, 'यू डोन्ट टेक शुगर, डू यू?' मी हसून 'येस' म्हणालो. मराठी माणूस दुसरे काय म्हणणार? 'तुम्ही साखर घेत नाही ना?' असे विचारल्यावर आपण 'हो, नाही घेत' असेच म्हणतो. आपला 'हो' हा समोरच्या माणसाच्या बोलण्याला असतो. त्यांचा 'येस' मात्र साखरेला असतो. बाई क्षणभर थबकल्या, आणि पाहुण्याच्या इच्छेला मान देऊन त्यांनी दोन चमचे साखर घातली. मी भिडेखातर एक घोट घेतला आणि माझा चेहरा बदलला असावा, कारण त्यांनी काळजीने विचारले, 'इट इझन्ट टू स्वीट, इज इट?' नाही हो बाई, फारच गोड झालाय, असे सांगण्यासाठी मी दोन्ही हात हलवून म्हणालो, 'नो, नो!' बाईंना अतिशय आनंद झाला आणि त्यांनी दुसरा कप भरला, तोही पहिल्यासारखाच. संध्याकाळी ग्लुकोमीटरने २६० दाखवले. 'चहात साखर होती ना?' असे हिने विचारले, आणि तो 'ना' उतरत्या सुरातला होता.

त्याच चहाच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली होती. मी बँकेत होतो असे कळल्यावर बाई म्हणाल्या होत्या, 'सो यू वर्क्ड इन अ बँक, डिड यू?' होकारी वाक्य आणि होकारी शेपटी! तोंडही पूर्वेला आणि शेपटीही पूर्वेला असा बैल मी साता समुद्रांपलीकडे प्रथमच पाहिला, आणि एका इंग्रज बाईला क्वेश्चन टॅगमध्ये मनातल्या मनात शून्य मार्क देताना मला जे समाधान मिळाले, त्यापुढे दोन कप साखर काहीच नव्हती. घरी येऊन मी ही विजयवार्ता मुलीला सांगितली, तेव्हा तिने त्याही आनंदावर पाणी ओतले. तसाही टॅग असतो, म्हणाली. ऐकलेली गोष्ट पुन्हा बोलून आपण कुतूहल दाखवतो तेव्हा तो येतो. आणि सूर जरा तिरका केला तर त्याचाच अर्थ 'असं का? मोठे आले बँकवाले!' असाही होतो. बाईंच्या मनात कुतूहलच होते, असे तिने शपथेवर सांगितले.

पुढच्या आठवड्यात आम्ही लंडन पाहायला गेलो. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर आमच्या मागे तीन-चार पोरे बसली होती आणि ती अस्सल तिथलीच होती. उशीर झाला, 'इनिट'. त्याने सांगितले होते, 'इनिट'. ते उद्या येणार आहेत, 'इनिट'. मी कान टवकारले. कर्ता कोणताही असो, काळ कोणताही असो, त्या पोरांकडे एकच शिक्का होता, आणि तो माझाच होता, फक्त वापरून वापरून झिजलेला. ज्या 'इझन्ट इट'पायी मी छडी खाल्ली, त्याला इंग्रजांच्या राजधानीत खुशाल बसचा प्रवास घडत होता. त्या क्षणी सरांना बोलावून घ्यावे आणि त्या पोरांच्या मागच्या बाकावर बसवावे, असे मला तीव्रतेने वाटले. पण सर आता नाहीत, आणि असते तरी त्यांनी आधी छडीच शोधली असती.

हे सारे सांगून मी नातीपुढे परदेशी अनुभवाचे वजन टाकायला गेलो. तिने ते ऐकून घेतले आणि 'बोर्डाच्या पेपरात इनिट लिहिलं तर मार्क जाईल, आबा,' एवढेच म्हणाली. तिचे बरोबर होते.

परवा तिला शाळेतून क्वेश्चन टॅगची स्वतःची पाच वाक्ये लिहून आणायला सांगितले होते. ती माझ्याकडे तपासायला आली. मी लाल पेन उघडून बसलो आणि पहिल्या चार वाक्यांना बरोबरची खूण केली. त्यांतल्या एकात तर 'हार्डली' होता आणि त्याची शेपटी अचूक होती. पाचवे वाक्य होते, 'माय ग्रँडफादर नोज इंग्लिश, डझ ही?' पेन तसेच हवेत राहिले. सरांच्या गोठ्यातल्या नियमाने ती चूक होती, 'डझन्ट ही' हवे होते. रेडिंगच्या बाईंच्या हिशोबाने ते बरोबर होते, आणि मुलीने सांगितलेला दुसरा अर्थ घेतला तर जरा जास्तच बरोबर होते. सूर ऐकल्याशिवाय निकाल देता येत नव्हता, म्हणून मी तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले.

तिने ते धडा वाचतात तसे सपाट सुरात वाचले, मग वहीवरून मान वर केली आणि विचारले, 'बरोबर आहे ना, आबा?'