‘मॉनेलचे बोल्ट लावा आणि निर्धास्त व्हा’ हा सल्ला कुठे फसतो

बोटी, जेटी आणि समुद्रातल्या पंपांची कामं करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: मॉनेल के-५०० (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) चे बोल्ट लावा, खाऱ्या पाण्यात त्यांना काही होत नाही, जितका कडक तितका चांगला, मोठा पाना घेऊन दाबून आवळा, चुंबक चिकटला नाही की माल अस्सल. हा सल्ला धोक्याचा आहे, कारण असा बोल्ट बरेचदा वरून गंज न दाखवताच तुटतो.

‘खाऱ्या पाण्यात काही होत नाही.’ वाहत्या पाण्यात हे बरंचसं खरं आहे. पण के-५०० म्हणजे किमान ६३ टक्के निकेल आणि सुमारे ३० टक्के तांबं, क्रोमियम-मॉलिब्डेनम नाही. त्यामुळे पाणी साचून राहिलं किंवा वर गाळ-शिंपले बसले की खड्डे पडतात. तिथे ६२५ किंवा ७२५ हे निकेल मिश्रधातू घ्यावेत. त्यांत क्रोमियम २० टक्क्यांच्या आसपास आणि मॉलिब्डेनम ८-९ टक्के असतं. ७१८ या निकेल मिश्रधातूला त्यांच्या पंगतीत बसवू नका: त्यात मॉलिब्डेनम जेमतेम ३ टक्के, म्हणून उघड्या समुद्रपाण्यात वॉशरखालच्या फटीत तो गंजू शकतो.

‘जितका कडक तितका चांगला.’ सर्वांत घातक भाग हाच. पोलादी सांगाड्यावर झिंक किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड (पोलादाऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) लावले की त्याला जोडलेला बोल्टही सुमारे उणे १ व्होल्टपर्यंत जातो. या व्होल्टेजला त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो, धातूत शिरतो आणि कणांच्या सीमा कमकुवत करतो. ताणाखालचा कडक बोल्ट मग डोक्याखालच्या वळणावर किंवा नटात शिरणाऱ्या पहिल्या आट्यात तडकतो. ॲनोडने गंज थांबवला, पण तडा आणला! म्हणून अशा जागी कडकपणाची ३५ रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं माप) ही कमाल मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात. नुसता आकडा मात्र पुरत नाही. एज-हार्डनिंग (ठरावीक तापमानाला ठेवून धातू कडक करणं) कसं झालं, हेही प्रमाणपत्रात पाहावं.

‘दाबून आवळा.’ हिशेबच करू. एम१६ बोल्टचं ताण-क्षेत्र १५७ चौरस मिलिमीटर, के-५०० चं यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो) सुमारे ६९० मेगापास्कल. त्याच्या ७० टक्के ताण म्हणजे जवळपास ७६ किलोन्यूटन. कोरड्या आट्यांना टॉर्क-गुणांक (घर्षणाचा हिशेब धरणारा आकडा) ०.२ धरला तर २४३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पान्याची पीळ, लागतो. आता आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावला, गुणांक ०.१३ वर आला आणि टॉर्क तोच ठेवला, तर ताण ७४० मेगापास्कलच्या वर जातो. बोल्ट यील्ड झाला! अँटी-सीझवर योग्य आकडा सुमारे १५८ न्यूटन-मीटर. अँटी-सीझ टाळू नका, कारण निकेल मिश्रधातूचे आटे एकमेकांना चावून जाम होतात; फक्त ग्राफाइटवाला घेऊ नका. समुद्रपाण्यात ग्राफाइट कॅथोड (स्वतः न गंजणारं टोक) बनून शेजारच्या धातूचा गंज वाढवतो.

बोल्ट टिकला तरी तो ज्यात बसलाय त्याचं काय? ॲल्युमिनियमच्या पत्र्यात निकेलचा बोल्ट थेट बसवला तर छिद्राभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. इन्सुलेटिंग बाही आणि वॉशर हवेतच.

चुंबकाचं थोडक्यात: के-५००, ६२५, ७१८ आणि ३१६ स्टेनलेस, कशालाच चुंबक ठळकपणे चिकटत नाही. मिश्रधातू एक्स-रे गनने (धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) तपासा. पण मॉनेल ४०० (के-५०० चा कमी कडक भाऊ) आणि के-५०० यांतला मुख्य फरक ॲल्युमिनियमचा, आणि ही गन हलकी मूलद्रव्यं नीट पकडत नाही. म्हणून सोबत कडकपणाही मोजा.