खटपट फोन लावणाऱ्याने करायची

मावशीचा फोन साधा आहे, बटणांचा. त्यावरचं पाचचं बटण इतकं झिजलंय की आकडा दिसतच नाही, पण तिचं त्यावाचून काही अडत नाही. बोटांना सगळं पाठ आहे. मी परदेशात आल्यापासून स्काइप या इंटरनेटवरून फोन लावायच्या अ‍ॅपमध्ये क्रेडिट, म्हणजे आगाऊ पैसे, भरून त्याच नंबरवर तिला फोन करायचे. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता मावशीला स्मार्टफोनच घेऊन देऊ, म्हणजे सगळ्या भाचरांना तिच्याशी फुकटात बोलता येईल.

स्मार्टफोन आला. अ‍ॅप टाकून झालं. कुणीतरी तासभर बसून शिकवलंसुद्धा. त्यानंतर पाच महिने मी त्या अ‍ॅपवर कॉल करत राहिले आणि बहुतेक वेळा तो वाजून वाजून थांबायचा. कधी नेट बंद, कधी चार्जिंग संपलेलं, कधी हिरवं बटण दाबायचं की वर सरकवायचं हेच तिला आठवेना. एकदा कसाबसा लागला तेव्हा ती म्हणाली, "अगं, तू माझ्या जुन्या फोनवर का नाही करत? तो मला येतो."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. पाच महिने ती बोलायला तयार होती, फोन हातात होता, रेंज होती. फक्त तो आम्हाला सोयीचा फोन नव्हता. आमचे पैसे वाचावेत म्हणून आम्ही एका म्हाताऱ्या बाईला परीक्षेला बसवलं होतं.

म्हणून हे लिहितेय. परदेशात स्वस्तात फोन कसा करायचा हे विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, "व्हॉट्सअ‍ॅपवर कर की." दोन्हीकडे स्मार्टफोन असेल, दोन्हीकडे नेट चांगलं असेल आणि दोघांनाही ते अ‍ॅप सरावाचं असेल तर हे उत्तर बरोबरच आहे. तिथे दुसरं काही शोधायची गरज नाही. पण या तीनपैकी एक जरी गोष्ट नसली तरी पलीकडचं माणूस हळूहळू आपल्या बोलण्यातून गळत जातं, आणि आपल्याला ते कळतसुद्धा नाही, कारण आपल्या बाजूने आपण "कॉल केला होता". माझं ठाम मत आहे की स्वस्त कॉलसाठी जी काही खटपट करायची ती फोन लावणाऱ्याने करावी, उचलणाऱ्याच्या गळ्यात ती घालू नये. आणि खरं सांगायचं तर ही खटपट एकदाच करावी लागते.

आधी पैसा नेमका कुठे जातो ते बघू. दोन देशांमधल्या साध्या फोनकॉलमध्ये आपली कंपनी पलीकडच्या कंपनीला, "माझा कॉल तुझ्या ग्राहकापर्यंत पोचव" म्हणून दर मिनिटाला पैसे देते. याला टर्मिनेशनचा दर म्हणतात. त्यावर आपली कंपनी आपला नफा चढवते, आणि हा नफाच बरेचदा मूळ खर्चाच्या कितीतरी पट असतो. अ‍ॅपवरून अ‍ॅपवर कॉल केला की टेलिफोनच्या जाळ्याचा संबंधच येत नाही. आवाजाचे बारीक बारीक तुकडे होऊन ते इंटरनेटवरून जातात, म्हणून तो कॉल वेगळा आकारला जात नाही. डेटाही फार लागत नाही. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी धरा, म्हणजे तासाला तीसेक. व्हिडिओ लावलात तर हिशेब एकदम वेगळा.

या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे आणि नेमका तोच लोक विसरलेत. आपल्या स्मार्टफोनवरच्या अ‍ॅपमधून पलीकडच्या साध्या नंबरवर कॉल. व्हायबर आउट, गुगल व्हॉइस, आणि अशा बऱ्याच सेवा आहेत. (गुगल व्हॉइस सगळ्या देशांत मिळत नाही, तेवढं बघून घ्या.) आपला आवाज इंटरनेटवरून जातो, पुढे एका गेटवेपाशी, म्हणजे इंटरनेट आणि टेलिफोन जिथे जोडलेले असतात तिथे, टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो आणि मावशीचा झिजलेल्या बटणांचा फोन नेहमीसारखा वाजतो. तिला नेट नको, अ‍ॅप नको, काही शिकायला नको.

इथे दराचं गणित पूर्ण पालटतं, ते नीट समजून घ्या. या सेवांमध्ये दर बहुतेक वेळा तुम्ही कुठून बोलताय यावर नसतो, तुम्ही कुठे लावताय यावर असतो. म्हणजे जगात कुठेही असा, वाय-फाय मिळालं की मावशीचा दर तोच. जिथे टर्मिनेशनचा दर कमी आहे त्या देशांना कॉल अगदी किरकोळ पैशात होतो. क्यूबासारख्या देशाला मात्र तो आजही चांगलाच महाग पडतो, मग अ‍ॅप कुठलंही घ्या. कित्येक देशांत लँडलाइनचा दर वेगळा आणि मोबाइलचा वेगळा असतो. युरोपात तर कायद्यानेच लगाम घातला. १५ मे २०१९ पासून युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात कॉल करताना ग्राहकाला मिनिटाला १९ सेंट अधिक कर यापेक्षा जास्त दर लावता येत नाही. तेव्हा "सगळ्यात स्वस्त अ‍ॅप कुठलं?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या देशाला, लँडलाइनवर की मोबाइलवर, आणि महिन्यातून किती वेळ, हे आधी सांगा, मग उत्तर देता येईल.

जाहिरातीतल्या दरावर मात्र जाऊ नका. बऱ्याच सेवा सेकंदाचा हिशेब धरत नाहीत, पूर्ण मिनिट धरतात. १ मिनिट ५ सेकंद बोललात तर २ मिनिटांचे पैसे. काही ठिकाणी कॉल लागल्या लागल्या जोडणीचा वेगळा आकार पडतो, आणि रेंज जाऊन कॉल तीनदा तुटला तर तो तीनदा पडतो. माझं एकदा एका सेवेतलं सगळं क्रेडिट सहा महिने वापरलं नाही म्हणून गोठून गेलं. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यात छोटी रक्कमच भरते, आपोआप रिचार्ज होण्याचा पर्याय बंद ठेवते आणि महिन्याच्या पॅकवर बोट ठेवण्याआधी मागच्या महिन्यात मी खरंच किती मिनिटं बोलले ते बघते. अमर्याद मिनिटांचा पॅक घेऊन चाळीस मिनिटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता ज्यात माझे भरपूर पैसे गेले ती गोष्ट. वाय-फाय कॉलिंग म्हणजे फुकट कॉलिंग, असं मी धरून चालले होते. तसं नाहीये. वाय-फाय कॉलिंगमध्ये फक्त टॉवरच्या जागी वाय-फाय येतं, कॉल आपल्या सिमच्या कंपनीचाच असतो. परदेशातला नंबर लावलात की कंपनीचा परदेशाचा दर लागतो. आपण बाहेर फिरत असताना घरच्या देशातल्या नंबरला याच सोयीने लावलेला कॉल बऱ्याच कंपन्या स्थानिक धरतात, तेव्हा ती फार उपयोगी आहे, पण आपापल्या कंपनीला आधी विचारा. मी विचारलं नाही. शिवाय माझी समजूत अशी की मी अ‍ॅपमधून बोलतेय. प्रत्यक्षात संपर्क यादीत नावावर बोट ठेवलं की फोनने सरळ सिमवरून कॉल लावला होता. बिल बघून मी तो आकडा दोनदा वाचला. आता मी मावशीचा नंबर फक्त अ‍ॅपच्या आतूनच लावते.

नंबर सेव्ह करायची एक सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्या. शून्याचं बटण दाबून धरा, प्लसचं चिन्ह येतं, मग देशाचा कोड, मग नंबर. असा सेव्ह केलेला नंबर जगातल्या कुठल्याही देशातून लागतो, कारण प्रत्येक देशात बाहेरच्या कॉलसाठी आधी काय फिरवायचं ते वेगळं असतं आणि प्लस ते काम परस्पर करतो. देशाच्या आत लावताना सुरुवातीला जो शून्य असतो तो बहुतेक ठिकाणी गाळायचा. इटलीच्या लँडलाइनचा शून्य मात्र ठेवायचा! माझ्या एका मैत्रिणीने याच शून्यापायी दोन दिवस एका इटालियन ऑफिसला चुकीचा नंबर फिरवला.

एवढं सगळं जमवून मी मावशीला नव्या सेवेवरून कॉल लावला आणि तिने तो उचललाच नाही. चारदा लावला, चारही वेळा नाही. कारण तिच्या पडद्यावर माझा नंबर येतच नव्हता, दर वेळी कुठलातरी अनोळखी आकडा. आणि अनोळखी परदेशी नंबर उचलायचा नाही हे तिला आम्हीच बजावून ठेवलं होतं, तेही बरोबरच. वांगिरी नावाची एक फसवणूक आहे, शब्द जपानी आहे, अर्थ "एक रिंग देऊन तोडणे". मिस्ड कॉल येतो, आपण परत लावतो, आणि तो महागडा नंबर निघतो. मावशी शहाण्यासारखी वागत होती.

बऱ्याच सेवांमध्ये आपला मोबाइल नंबर पडताळून घेतला की पलीकडे तोच दाखवायची सोय असते. ती चालू करा. तरी मधल्या कुठल्यातरी कंपनीच्या जाळ्यात तो नंबर गळून पडू शकतो, माझ्या बाबतीत अधूनमधून होतंच. म्हणून मी सरळ वेळ ठरवून टाकली. रविवारी सकाळी साडेनऊ, तिच्या घड्याळाने. त्या वेळेला जो काही नंबर येईल तो माझा. वेळ पाळायची जबाबदारी माझी, कारण मी पंधरा मिनिटं उशीर केला तर ती पंधरा मिनिटं फोनपाशी बसून असते, हे तिने मला कधी सांगितलं नाही, मावसभावाकडून कळलं. तुमच्या घरी ठरलेली वेळ जमत नसेल आणि समोरचं माणूस अनोळखी नंबरला घाबरत असेल, तर आपल्या सिमच्या कंपनीचा परदेशी कॉलचा पॅक घ्या. तो थोडा महाग पडेल. पण तुमचा ओळखीचा नंबर दिसेल आणि फोन उचलला जाईल. न उचललेल्या स्वस्त कॉलचा उपयोग काय?

आणखी दोन गोष्टी पटकन. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हॉट्सअ‍ॅपवर केलेला कॉल दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मध्ये कुणाला ऐकता येत नाही. अ‍ॅपमधून साध्या नंबरवर लावलेला कॉल तसा नसतो, तो पुढे साध्या टेलिफोनच्या जाळ्यातून जातो, तेव्हा बँकेचे पासवर्ड वगैरे त्यावर सांगू नका. आणि अडीअडचणीला पोलीस किंवा अँब्युलन्स बोलवायला या अ‍ॅप्सवर विसंबून राहू नका, सिमवरूनच फोन करा. काही देशांत अ‍ॅपवरच्या कॉललाच बंदी असते, तेही जाण्याआधी बघून ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात पण कॉल वर्षानुवर्षं अडवलेले राहिले, तिथे मान्यता असलेली वेगळी अ‍ॅप्स वापरावी लागतात.

आवाजाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायचंय, कारण मावशीला एका कानाने कमी ऐकू येतं. तिच्याशी बोलताना मला कळलं की खरा त्रास आवाज बारीक असण्याचा नाही, उशिराचा आहे. मी बोलले ते तिला जरा उशिरा पोचतं, मी गप्प झाले असं वाटून ती बोलायला लागते, तेवढ्यात मी पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. मग "बोल बोल", "नाही, तू बोल", आणि शेवटी दोघी गप्प. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनात आहे. समुद्राखालच्या केबलमधून अर्धी पृथ्वी ओलांडायला शंभरेक मिलिसेकंद तसेही जातात. म्हणजे आपल्या हातात फार थोडं उरतं, आणि घरातलं गजबजलेलं वाय-फाय तेवढंही खाऊन टाकतं. मी आता फोन करताना राउटरच्या खोलीत जाऊन बसते, बाकी डाउनलोड थांबवते, स्पीकर न लावता इयरफोन लावते. आणि वाक्य संपलं की मनात दोन आकडे मोजते, मगच पुढचं बोलते. या शेवटच्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला.

१९५६ मध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली तेव्हा तिच्यातून एका वेळी जेमतेम पस्तीस-छत्तीस संभाषणं जायची. आणि त्याच्या आधी, १९२७ मध्ये, लंडन ते न्यूयॉर्क रेडिओवरून तीन मिनिटं बोलायला १५ पौंड पडायचे. लोक बोलायचे मुद्दे कागदावर लिहून ठेवत असतील असं मला वाटतं. आज आपल्या खिशातल्या फोनला इतक्या वाटा मोकळ्या आहेत आणि तरी, फुकटची वाट समोरच्याला चालता येत नाही म्हणून आपण बोलणंच सोडून देतो, हे मला पटत नाही.

मावशीचा स्मार्टफोन आता फोटो बघायला आहे, भाचेसून आली की दाखवते. गेल्या रविवारी आम्ही जुन्या फोनवर ४७ मिनिटं बोललो, त्यातली वीस तरी तिच्या गुडघ्यावर. कॉल एकदाच तुटला.

तुमच्यापैकी कुणी असं साध्या फोनवर परदेशात नियमित बोलत असाल तर खाली लिहा: कुठल्या देशाला, लँडलाइन की मोबाइल, कुठली सेवा, आणि पलीकडे तुमचा नंबर दिसतो का. नंबर दिसण्याचं तर नक्की लिहा, त्याचा पक्का इलाज मला अजून सापडलेला नाही.